बारा एमएमच्या भरवशावर

इतवारीत आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. वायर रोप, डी-शॅकल, टर्नबकल, यू-क्लॅम्प हा माल मी सव्वीस वर्षं मीटरवर आणि किलोवर विकतोय. त्याच वायर रोपला एक दिवस आपणच लटकू, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

पोरगी ऑस्ट्रियात इन्सब्रुकला शिकते. जूनमध्ये आम्ही नवराबायको तिच्याकडे गेलो. नागपुरात पारा 44 आणि तिकडे सकाळी स्वेटर! तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, उद्या व्हिया फेराटा करू. सी ग्रेड आहे, तुम्हाला जमेल." या वाटांना ए, बी, सी, डी, ई असे चढते दर्जे असतात. म्हणजे सी हा मधला, सोपा नव्हे. बायकोने ऐकताक्षणी सांगून टाकलं, की ती खाली बाकावर बसून फोटो काढेल.

व्हिया फेराटा म्हणजे इटालियनमध्ये लोखंडी वाट. पहिल्या महायुद्धात डोलोमाइटच्या डोंगरांत सैनिकांनी कड्यांवर तारा आणि शिड्या ठोकल्या, त्यातून हा प्रकार वाढला. आमची वाट ओट्झटाल खोऱ्यात, उमहाउझेन गावाजवळच्या श्टुइबेनफालच्या कडेकडेने चढते. 159 मीटरचा हा धबधबा टिरोल प्रांतातला सगळ्यात उंच. साडेनऊ हजार वर्षांपूर्वी समोरचा डोंगर कोसळला, ओढ्याची जुनी वाट बुजली आणि पाणी या कड्यावरून पडू लागलं. नावाचा अर्थ पोरीने सांगितला : तुषार उडवणारा. म्हणजे आपल्या भेडाघाटचा धुवांधारच की!

सामान भाड्याने मिळतं. हेल्मेट, कमरेचा पट्टा, आणि त्या पट्ट्यातून निघणारे दोन लवचिक हात, प्रत्येकाच्या टोकाला कॅरॅबिनर, म्हणजे वाटेवरच्या तारेत अडकवायची गेटवाली क्लिप. मागची पट्टी तळव्याने दाबली की गेट उघडतं, सोडली की आपोआप बंद. हातांच्या मुळाशी एक छोटी थैली असते, तिच्यात घड्या घालून शिवलेली पट्टी. मला सगळ्यात आवडली ती हीच. या वाटेवर माणूस घसरला तर तार जिथे खडकात रोवलेली असते त्या मागच्या खिळ्यापर्यंत, चारपाच मीटर, सरळ खाली जातो, आणि त्याला धरणारा हात असतो जेमतेम मीटरभर. साध्या दोरीवर असा झटका बसला तर कंबरेचं काही खरं नाही. इथे ती शिलाई टराटरा उसवत जाते आणि धक्का खाऊन टाकते. चाळीस ते एकशेवीस किलो वजनाच्या माणसासाठी बनवलेली. मी चौऱ्याऐंशी. हातमोजे मात्र नको म्हणालो. आयुष्य वायर रोप हाताळण्यात गेलेला माणूस मी!

सुरुवातीला मी चढत नव्हतोच, माल तपासत होतो. तार बारा एमएमच्या आसपास, खिळे खडकात भोक पाडून पक्के बसवलेले, क्लॅम्प नीट आवळलेले. पोरगी वरून ओरडली, "बाबा, तुम्ही गिऱ्हाईक नाही आहात, चला!" स्प्रूसचं जंगल हळूहळू बुटांखाली गेलं. जूनमध्ये वरचं बर्फ वितळत असल्याने पाणी जोरात होतं, चष्म्यावर सारखे थेंब. आणि तो आवाज! तीन हात लांबच्या माणसाचंही ऐकू येत नव्हतं.

नियम एकच. खिळा आला की एक क्लिप काढायची, पलीकडच्या तारेत अडकवायची, मगच दुसरी काढायची. पोरीने खाली हे माझ्याकडून चारदा म्हणून घेतलं होतं, पाढ्यासारखं. अर्ध्यावर एक फुगीर खडक आला. मी भीतीने तार इतकी आवळली होती, की कोपरापासून पुढचे हात दगड झाले होते. चष्मा पुसला, एक क्लिप काढली, श्वास घेतला. वर बघितलं तर पोरगी हात हलवतेय, तोंड उघडं, आवाज नाही. म्हटलं फोटो काढायला सांगतेय. मग माझं लक्ष डाव्या हाताकडे गेलं. दोन्ही क्लिपा त्याच्यात होत्या.

बाप्पा! उजव्या हाताने तार धरली होती, तेवढाच काय तो आधार. एक क्लिप तारेत घातली, गेटचा टक् आवाज काही ऐकू आला नाही, म्हणून ती तीनदा ओढून पाहिली. मग दुसरी. पाच मिनिटं तिथेच खडकाला गाल लावून उभा राहिलो. मागच्या जर्मन बाईंनी काही विचारलं नाही, निमूटपणे थांबल्या.

तेव्हा आठवली नागद्वारी. पचमढीच्या जंगलातली ही वाट नागपंचमीच्या आधी थोडे दिवस उघडते आणि निम्मं विदर्भ तिकडे लोटतं. सातवीत असताना आईबरोबर गेलो होतो. पाऊस, चिखल, कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या. आई पातळ खोचून, अनवाणी, पुढे. वरच्या गड्याची टाच तिच्या डोक्याला लागत होती आणि तिची माझ्या. क्लिप नाही, पट्टा नाही. तेव्हा भीती वाटल्याचं आठवत नाही, भूक लागल्याचं आठवतं.

शेवटी धबधब्यावरून तारांचा पूल आहे. पायाखाली एक तार, धरायला दोन. तो टाळताही येतो. पोरगी मजेत पलीकडे गेली, मी टाळला. माल चांगला होता, माझे हात संपले होते. खाली येताना 728 लोखंडी पायऱ्या, तिथे गुडघेही संपले.

रात्री आईला व्हिडिओ कॉल केला. सगळं सांगितलं, क्लिपांचं सोडून. तिने नीट ऐकून घेतलं.

"वर कोणता देव हाय?"

"देव नाही आई, नुसता धबधबा."

"मंग चढला काऊन?"

पोरगी मागे खिदळत होती. मी विषय बदलायला तळव्यावरचे फोड कॅमेऱ्यापुढे धरले. आईने चष्मा लावलेला नव्हता. तिला ते दिसले नाहीत.