भिंतीवर जिवंत बाया

आमच्या गावात भिंतीवर जागा मिळवायची तर एकतर देव व्हावं लागतं, नाहीतर मरावं लागतं. देवांची सोय राजा रविवर्म्यानं केली. १८९४ साली मुंबईजवळ छापखाना निघाला आणि लक्ष्मी-सरस्वती खेड्यापाड्यांतल्या मातीच्या भिंतींवर येऊन बसल्या. माणसांची सोय मात्र तेरवीच्या आधी, घाईघाईनं होते. बुढ्याचा फोटो शोधायला पेटी उपसतात, शेवटी आधार कार्डच सापडतं. स्टुडिओवाला ते मोठं करतो आणि वर आपल्या मनानं निळा कोट चढवतो. जन्मभर बंडी-धोतरात वावरलेला माणूस हारामागे कोट घालून बसतो.

त्यामुळे यंदा कापसाची वेचणी उरकल्यावर गावातल्याच एका पोरीनं समाजमंदिरात माणसांची चित्रं लावली, तेव्हा गडबड उडाली ती कलेवरून नव्हे. वर नेहमीप्रमाणे बाबासाहेब, सावित्रीबाई, खंजिरीवाले तुकडोजी महाराज. खाली सुतळीला कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेल्या आमच्या वेचणीवाल्या बाया. धडधडीत जिवंत.

"मी काय मेली काय वं? मले भितीवर काऊन टांगली?" एक आजी दारातूनच कडाडली. मग जवळ जाऊन बराच वेळ स्वतःकडे बघत राहिली. गोंदणाचे हिरवे ठिपके कोळशात काळे उतरले होते, ते तिनं बोट न लावता मोजले. "राहू दे," म्हणाली, "मांगून कामी येईन."

पोरगी नागपूरला चित्रकला शिकलेली. पण रंग महाग, म्हणून सगळं काम कोळशाचं, आणि कोळसाही घरचाच. पऱ्हाटीच्या बारीक काड्या सोलून पत्र्याच्या डब्यात गच्च भरायच्या, झाकणाला खिळ्यानं भोक पाडायचं, डबा चुलीत ठेवायचा. भोकातून धूर यायचा थांबला की बाहेर काढायचा, पण उघडायचा मात्र पार थंड झाल्यावर. आधी हवा लागली तर हाती राख.

वेचणीची मजुरी किलोवर. बाईला समोर बसवून ठेवायचं म्हणजे तिचे पैसे बुडवायचे. म्हणून ही दुपारच्या जेवणाला धुऱ्यावर जाऊन बसायची, आणि भाकर संपेस्तोवर जेवढं उतरेल तेवढं उतरवायची. निम्म्या बायांचे गाल घासानं फुगलेले आहेत ते यामुळेच. मला विचाराल तर तीच चित्रं सगळ्यांत उत्तम.

ती म्हणाली, माणसाचे डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. खरं वाटेना. टाळूपासून हनुवटीपर्यंत दोरी धरून पाहिलं, तर खरंच! शिकाऊ माणूस डोळे हमखास वर काढतो म्हणे, कारण कपाळ आणि टाळू तो हिशेबातच धरत नाही.

तक्रारी आल्याच. मोबाइल चेहरा गुळगुळीत करून देतो, त्याची सवय लागलेली. "एवढ्या सुरकुत्या काऊन काढल्या वं?"

"काकू, आहेत त्याच्या अर्ध्याच काढल्या."

पारावरच्या बुढ्यांचं गाऱ्हाणं वेगळंच: आमचं एकही चित्र कसं नाही? पोरगी म्हणाली, "तुमी त दिवसभर बसूनच राह्यता. तुमचं कधीबी काढता येते." दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकानं दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि समाजमंदिराच्या पायरीवर ठिय्या दिला. घरून दोनदा बोलावणं आलं, पण गडी जेवायलाही उठला नाही.