घ्यायला नको

गेली सतरा वर्षं मी पुण्यात घरी बसून वैद्यकीय भाषांतरं करते. नव्या औषधांच्या चाचण्यांची सहमतीपत्रं हा त्यातला मोठा हिस्सा. चाचणीत भाग घेणाऱ्याला सगळं त्याला समजेल अशा भाषेत द्यायचं, असा भारतात नियमच आहे, त्यामुळे काम आटत नाही. माझं मराठी झालं की ते दुसऱ्या एका भाषांतरकाराकडे जातं. त्याला मूळ इंग्रजी दाखवत नाहीत. तो माझ्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी करतो, आणि मग दोन्ही इंग्रजी शेजारी-शेजारी ठेवून तपासतात. याला आम्ही बीटी म्हणतो, बॅक ट्रान्सलेशन.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. हल्ली कोरं पान मिळत नाही, मशीनने केलेला मसुदा येतो आणि तो दुरुस्त करायचा (पैसे अर्थात कमी). त्या दिवशी तिसऱ्याच पानावर वाक्य होतं, 'तुम्हाला या अभ्यासाचा फायदा होऊ शकत नाही.' हे वाचून कोण सही करणार? मूळ इंग्रजीत होतं 'यू मे नॉट बेनिफिट'. म्हणजे कदाचित फायदा होणार नाही. दोन पानांपुढे 'यू मे नॉट टेक पार्ट इन अनदर स्टडी', आणि इथे मात्र सरळ मनाई. शब्द तेच. पहिल्या वाक्यात 'नॉट' फायद्याला चिकटलेलं, दुसऱ्यात 'मे'ला, म्हणजे परवानगीलाच. बोलताना आवाजाच्या चढउतारावरून कळतं, कागदाला आवाज नसतो. मशीनने दोन्हीकडे 'शकत नाही' ठोकून दिलं होतं.

असे सापळे बरेच. 'मस्ट'ला 'नॉट' जोडलं की सक्ती जात नाही, उलट न करण्याची सक्ती होते. सक्ती उठवायची तर 'नीड नॉट' किंवा 'डोन्ट हॅव टू'. माझा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणतो, तांत्रिक नियम लिहिताना असे शब्द कोणत्या अर्थाने वापरायचे यावर त्यांच्याकडे १९९७ पासून आरएफसी २११९ नावाचा कागदच आहे. त्यात 'मस्ट नॉट' आहे, 'शुड नॉट' आहे, 'मे' आहे, पण 'मे नॉट' नाहीच. शहाणी माणसं.

एका वाक्याने मात्र मजा आणली. 'मे नॉट नेसेसरिली इम्प्रूव्ह'. मशीनचं उत्तर, 'अपरिहार्यपणे सुधारू शकत नाही'. इंग्रजीला तिथे एक लांबलचक क्रियाविशेषण लागतं, आणि तेही 'नॉट'च्या मागेच उभं करावं लागतं. आपल्याकडे एका 'च'वर भागतं. 'सुधारेलच असं नाही.' तोच 'च' 'सुधारणार'ला लावा, 'सुधारणारच नाही', की पेशंट उठून घरी जाईल. मी ते वाक्य नीट केलं आणि स्वतःवर खूश होऊन दुपारी बाराला फाईल पाठवली.

साडेतीनला कोऑर्डिनेटरचा फोन. "ताई, सेगमेंट एकशे त्रेचाळीस बघता का? बीटी उलटं आलंय."

मूळ वाक्य होतं, गोळी रिकाम्या पोटी 'मस्ट नॉट बी टेकन'. बीटीत आलं होतं 'नीड नॉट बी टेकन'. मनाईची मुभा झाली होती. मी तावातावाने म्हटलं, "बीटीवाल्याला मराठी येतं का?" आणि मग माझं वाक्य उघडलं.

'गोळी रिकाम्या पोटी घ्यायला नको.'

हे मशीनचं नव्हतं. मशीनने 'घेतली जाऊ नये' असं लिहिलं होतं, आणि मीच ते खोडून साध्या बोलीतलं केलं होतं. तरी मला त्यात काही चूक दिसेना. स्वयंपाकाच्या मावशी भाकऱ्या थापत होत्या, त्यांना वाक्य वाचून दाखवलं. "म्हंजे खाऊन घ्यायची," त्या म्हणाल्या. झालं, मी म्हटलं, जिंकले.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "छे! म्हणजे रिकाम्या पोटी घ्यायची गरज नाही. माझी थायरॉईडची सकाळी उपाशीपोटी घ्यावी लागते ना, तसं हिचं नाही. कधीही घेतली तरी चालेल."

मावशींनी हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि त्यांचंही मत फिरलं. "आजींचं खरं हाय. तुम्ही म्हणता ना, मावशी, उद्या यायला नको. तवा मला सुट्टीच असती की. यायची बंदी थोडीच असती?"

मी गप्प. 'पावसात भिजायला नको' म्हणजे भिजू नये, आणि 'उद्या यायला नको' म्हणजे यायची गरज नाही. दुसऱ्यांच्या 'मे नॉट'वर पहारा देत सकाळ घालवली आणि माझ्या दारातलं 'नको' दिसलं नव्हतं. बीटीवाल्याबद्दल जे बोलले ते कोऑर्डिनेटरने पुढे पोचवलं नसावं अशी आशा आहे.

'नये' मी का टाळते? शाळेतल्या पाटीसारखं वाटतं म्हणून. पण त्या शब्दाला होकारी रूपच नाही. 'न' आणि 'ये' यांचा तो जोड, 'कामा नये' म्हणजे मुळात कामाला न येणारं, आणि त्यातून मुभेचा अर्थ निघतच नाही. शेवटी मी 'रिकाम्या पोटी घेऊ नका' केलं. 'काहीतरी खाऊनच घ्या' हे जोडायचा फार मोह झाला, पण मुळात नसलेलं वाक्य आम्हाला घालता येत नाही.

मग बावीस पानांत 'नको' शोधलं. अकरा ठिकाणी निघालं. सहा ठिकाणी मनाई, चार ठिकाणी गरज नाही, आणि एक जागा अशी की मलाच सांगता येईना. सहाची वेळ दिलेली होती. मी कोऑर्डिनेटरला सकाळपर्यंत मुदत मागितली. तिने वर विचारलं आणि आलेलं इंग्रजी उत्तर जसंच्या तसं पुढे पाठवलं. 'वी कान्ट रियली एक्स्टेंड.'

'रियली कान्ट' असतं तर जेवण सोडून बसले असते. 'कान्ट रियली' होतं, म्हणजे नकार जरा सैल. मी मावशींना म्हटलं, दोन भाकऱ्या जास्त टाका, आणि मावशी, उद्या सुट्टी नाही, उद्या यायचंय.