उमाळपेठ: पाण्याचा हिशेब जमला, आता भांडणं मांडतोय

उमाळपेठ या माझ्या कल्पनेतल्या गावाच्या नकाशावर या वेळी फक्त पाण्याचं काम केलं. नदी नाही, विहीर नाही, गावाच्या डोक्यावर एक गिझर, म्हणजे जमिनीतून थांबून थांबून उसळणारा उकळत्या पाण्याचा फवारा, एवढीच अट घेऊन बसलो होतो. कोकणातल्या उन्हवऱ्याच्या गरम कुंडासारखं निवांत झरणारं पाणी नको होतं. त्यामुळे जमिनीखालची नळी अरुंद काढली: वरच्या पाण्याच्या दाबाखाली खालचं पाणी शंभर अंशांपुढे तापतं, वरचा भार जरा हलका झाला की सगळं एकदम उसळतं.

आकडे अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या ओल्ड फेथफुल गिझरवरून उचलले. तो साधारण दीड तासाने उडतो आणि दर खेपेला 14,000 ते 32,000 लिटर पाणी फेकतो. कमीतला आकडा धरला तरी दिवसाला सव्वादोन लाख लिटर. निम्मं वाऱ्यावर गेलं असं मानलं तरी बाराशे वस्तीला माणशी नव्वद लिटर उरतं. जादूला हातच लावावा लागला नाही!

पण ते प्यायचं कसं? अशा पाण्यात सिलिका असते, फ्लोराइड असतं, कित्येकदा आर्सेनिकही. म्हणून शेजारच्या वाफेच्या भेगेवर तिरक्या फरशांचं छप्पर टाकलं. वाफ फरशीला लागून थेंब ओघळतात, पन्हळीतून रांजणात पडतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो, रांजण रात्रभर उघडा ठेवला की बराचसा उडतो. घरटी रोज दोन घागरी, बस्स. इथून गाव खरं जिवंत झालं, कारण लग्नातला आहेर, पंचांनी केलेला दंड, सोयरिकीतला रुसवा, सगळं आता त्या घागरींवर येऊन ठेपलंय.

उसळीचं पाणी पाटाने खाली उतरतं. पहिल्या हौदात जाळीतून कंदमुळं सोडून शिजवतात. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआजवळच्या फाकारेवारेवात तिथले मूळचे माओरी लोक उकळत्या कुंडात असंच शिजवतात, तेव्हा हे कल्पनेतलं म्हणता येणार नाही. पुढचा हौद आंघोळीचा, शेवटचा धुण्याचा. पाणी निवतं तशी सिलिका पाटाला धरते, पांढरी, खरखरीत, थरावर थर. छिन्नीने खरवडली नाही तर पाट बुजतो. ते काम पाटकऱ्याचं. पाटकरी आणि जागल्या हे दोघे मी आपल्या पांझरा खोऱ्यातल्या फड पद्धतीतून, म्हणजे गावाने मिळून पाटाचं पाणी वाटून घ्यायच्या जुन्या रीतीतून, सरळ उचललेत. माझा जागल्या रात्री भोकाशी कान लावून बसतो, आत गुरगुर वाढली की आरोळी देतो.

गावचा सगळ्यात कडक कायदा कुदळबंदीचा. हाही रोटोरुआचाच धडा. तिथे गरम पाण्यासाठी घरोघरी बोअर झाले, गिझर मंदावले, शेवटी 1980च्या दशकात पोहुतू गिझरच्या दीड किलोमीटरच्या आतले बोअर सरकारने बंद करायला लावले. मग गिझर सावरू लागले. उमाळपेठेत सावकाराने तळघरात गुपचूप भोक पाडलंय. गिझर उशिरा उडायला लागलाय आणि गाव जागल्याला झोपाळू ठरवतंय.

राहिलंय ते दुष्काळाचं. ओल्ड फेथफुलच्या उंचवट्यावर जुन्या झाडांचे अवशेष सापडलेत, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकात तो झाडं वाढण्याइतका काळ गप्प होता. असा काळ उमाळपेठेलाही द्यायचाय, पण गाव उठवून पुन्हा वसवलं तर पाटकऱ्याचं वतन कोणाकडे राहील? तुमच्यापैकी कुणी उठलेलं गाव परत वसवलं असेल तर हक्कांचं काय केलंत ते सांगा, तोवर मी सावकाराच्या तळघराचा नकाशा पुरा करतो.