विहिरीला पाणी किती?

आमच्याकडे कागद बहुतेक वेळा ट्रंकेतून येतात. काळी पत्र्याची ट्रंक, झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेला नंबर, हुद्दा आणि नाव. सातारा जिल्ह्यात अशी ट्रंक नसलेलं गाव शोधावं लागेल. मिलिटरी अपशिंग्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पहिल्या महायुद्धात एकट्या त्या गावातले ४६ जण कामी आले. पण आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरही माळ्यावर, कणगीमागे, देव्हाऱ्याखाली या ट्रंका असतातच. आत डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, पदकं, ग्रुप फोटो आणि तळाशी पत्रं.

निवृत्त जवानांच्या मुलाखती आणि त्यांचे घरगुती कागद लावून ठेवणं हे माझं काम. ऐकायला भारदस्त वाटतं, पण दिवसातला निम्मा वेळ गंजलेल्या टाचण्या काढण्यात जातो. उरलेल्या निम्म्यात मी शब्द ठरवते. या पत्राचा विषय काय, या डागाला काय म्हणायचं, या तासाभराच्या बोलण्याचा सारांश चार ओळींत कसा मांडायचा. टाचणी काढताना चूक झाली तर कागद फाटतो आणि ते दिसतं. शब्द चुकला तर कुणालाच कळत नाही. माझे एका ट्रंकेपायी तीन शब्द चुकले होते.

ट्रंक घेऊन एक नातू आला होता. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतले, पहिल्या बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणीचे. एकाहत्तरच्या लढाईत होते, नाईक म्हणून निवृत्त झाले, जाऊनही बरीच वर्षं झाली. आजी आहेत. "आजीनं सांगितलंय, पत्रं द्या, पण हरवू नका."

एकूण ४१ अंतर्देशीय पत्रं होती, १९७० ते ७३ या काळातली. पत्त्यात गावाचं नाव कुठेच नाही, नुसतं ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, म्हणजे लष्करी टपालघराचा नंबर. कुठे आहोत ते लिहायची जवानांना मुभा नव्हती. त्यामुळे ५६ चे ९९ झाले की आम्ही समजायचं, माणूस पूर्वेकडे गेला.

४१ पैकी २७ पत्रं एका जुन्या खणाच्या तुकड्यात बांधलेली होती, बाकीची १४ सुटी. दोन्हीकडे तारखांचा क्रम नव्हता. नातू म्हणाला, "तारखेनं लावून टाका की." आमच्या कामात एक नियम आहे, मूळ क्रम आधी मोडायचा नाही. माणसाने कागद ज्या क्रमाने ठेवले, तो क्रमही एक कागदच असतो. म्हणून जशी होती तशीच पेन्सिलीने नंबर घालून ठेवली. या प्रकरणात माझ्या हातून बरोबर झालेली गोष्ट एवढीच.

खणातल्या २७ पत्रांच्या कोपऱ्यांवर पिवळे, तांबूस डाग होते. नोंदीत मी लिहिलं, 'बुरशी अथवा गंज'. आणि बुरशी इतर कागदांना लागू नये म्हणून ती सगळी महिनाभर वेगळी कोंडून ठेवली.

मग वाचायला घेतली. मायना ठरलेला. 'तीर्थस्वरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.' आईच्या नावाने पत्र, सगळ्या घराची विचारपूस, म्हशीची, भावाच्या शाळेची, कर्जाच्या हप्त्याची. बायकोचं नाव एकाही पत्रात नाही. त्या काळच्या पत्रांत ते नसायचंच. आणि खणातल्या प्रत्येक पत्रात एक वाक्य हटकून, 'विहिरीला पाणी किती आहे ते कळवणे.'

सत्तावीस वेळा विहीर! माझे डोळे चमकले. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रात अजून बोलण्यात आहे. माणसं खडी फोडायला गेली, त्यातूनच पुढे रोजगार हमी आली. आणि इथे हजारो मैलांवरचा एक जवान दोन वर्षं आधीपासून पाण्याची काळजी करतोय. विषयसूचीत मी 'शेती – सिंचन – दुष्काळ' असं ऐटीत लिहिलं. दुष्काळावर काम करणाऱ्या एका अभ्यासकाला फोन करून सांगितलंही, की तुमच्यासाठी मोठं घबाड आहे.

तरी एक गोष्ट टोचत होती. हे अक्षर मी आधी कुठेतरी पाहिलं होतं. 'श्री'ला खालून मारलेला तो वेलांटीसारखा फराटा, आणि 'खुशाल' नेहमी दीर्घ, 'खूशाल'. दुसऱ्या तालुक्यातल्या एका घराची पाच पत्रं महिन्यापूर्वीच लावली होती. ती काढून शेजारी ठेवली. तोच फराटा, तेच 'खूशाल'. एवढंच नाही, एकाच आठवड्यातल्या दोन वेगळ्या जवानांच्या पत्रांत अक्षरशः एकच वाक्य, 'इकडे पाऊस फार आहे, परंतु आपल्याकडच्या पावसाची चव नाही.'

म्हणजे लिहिणारा तिसराच कुणीतरी होता. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं दुसऱ्याने लिहून देणं पलटणींत जुनंच आहे. मला प्रश्न पडला तो आजींचा. नातवाने मला हौसेने सांगितलं होतं, "आजोबांचं अक्षर बघा, मोत्यासारखं." आता हे घरी जाऊन कसं सांगायचं?

त्याच आठवड्यात डोक्यात एक जुनी कॅसेट वाजायला लागली. आमच्याकडे नव्वदच्या दशकात एका शिक्षकांनी हौसेने घेतलेल्या मुलाखतींच्या कॅसेट आहेत. त्यातली एक जंगी पलटणीतल्या एका हवालदारांची. मी नोकरीला लागले त्या वर्षी तिचं डिजिटायझेशन केलं होतं. फीत दाबणारा फेल्टचा तुकडा गळून पडला होता, म्हणून सगळी फीत दुसऱ्या कवचात घालावी लागली. हे काम घाईचं नसतं. नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटंच घेते, आणि जुनी फीत पुन्हा पुन्हा वाजवायची नसते, म्हणून पहिल्यांदाच नीट ऐकायचं असतं. मी नीट ऐकलं होतं, असा माझा समज होता.

माझा सारांश उघडला. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरबद्दल मी पानभर लिहिलं होतं. १० डिसेंबर १९७१ ची रात्र, जमालपूरच्या दक्षिणेला वाट अडवून बसलेली पलटण, कोंडी फोडायला आलेली पाकिस्तानची बलुच बटालियन. आपल्या बाजूच्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याबद्दल धाडलेलं पत्र आणि पलीकडून उत्तराच्या कागदात गुंडाळून आलेली बंदुकीची गोळी, हा किस्साही होता. (हा किस्सा मला त्या पलटणीतल्या प्रत्येकाने सांगितला आहे, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात तो स्वतः गोळीपासून दहा हातांवर उभा असतो. त्यात खोटेपणा नाही. इतक्यांदा ऐकलेली गोष्ट पाहिलेली होऊन जाते.) आणि पुढे, ३८ व्या मिनिटापासून ४६ व्या मिनिटापर्यंत, माझ्याच हातचे दोन शब्द होते, 'किरकोळ गप्पा'.

हेडफोन लावला. हवालदार सांगत होते, "मी सातवी पास. रविवारी माझ्याम्होरं रांग लागायची. लिही म्हणायची. काय लिहू म्हटलं तर म्हणायची, तुझ्या मनानं लिही. मग काय, पाऊस, पाणी, खुशाल. पण एक गडी होता, त्याचं नक्की असायचं. विहिरीला पाणी किती ते विचार. दर खेपंला विहीर! म्या म्हणायचो, लेका, पाणी चढलं का उतरलं, तुला हितं बसून काय करायचंय? एकदा गावाकडनं पत्र आलं, मीच वाचून दावलं, की विहीर आटली. गडी पांढराफटक पडला. सायबाच्या म्होरं जाऊन उभा, रजा पायजे. कशाला? विहीर आटली! समदी कंपनी हसली. पण गेला बरं का रजा घिऊन."

आणि मग हसत हसत, "पाणी लागलं का न्हाई, त्ये काय मला शेवटपतुर कळलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी गावात गेले. निमित्त दानपत्रावर अंगठा घेण्याचं होतं. आजी ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या, ऐंशीच्या आसपासच्या. मी बराच वेळ घुटमळले. शेवटी म्हटलं, "आजी, एक सांगायचं होतं. पत्रातलं अक्षर आजोबांचं नाही."

"मग? त्यास्नी कुठं लिवाया येत हुतं!" शेंगा फोडायच्याही थांबल्या नाहीत. "नातवंडांस्नी वाटतंय, वाटू दे. आन मला तरी कुठं वाचाया येत हुतं? मास्तर यायचं, हितंच बसून समद्यांम्होरं मोठ्यांदा वाचायचं. लिवणारा एक, वाचणारा दुसरा."

मला हलकं वाटलं, म्हणून सहज पुढचं विचारलं. "विहिरीची फार काळजी होती ना त्यांना? कुठल्या रानातली विहीर?"

आता मात्र हात थांबले. आजींनी आत डोकावून पाहिलं. सून स्वयंपाकघरात होती, नातू गाडी घेऊन बाहेर गेला होता.

"आमची कुठली वो विहीर? आमी कोरडवाहू."

मी गप्प.

"जायच्या आदल्या रातीला म्हणालं हुतं, पत्रात तुजं नाव घालता यायचं न्हाई, आई हाय, मास्तर हाय. विहिरीचं इचारलं की समज, तुजं इचारलं." पदर तोंडाशी गेला होता, डोळे हसत होते. "सासूबाईंस्नी वाटायचं गावच्या विहिरीचंच इचारतंय. म्हणायच्या, पोरगं गावाची लई काळजी करतंय. मास्तरबी म्हणायचा, शाबास. मग मी सासूबाईंच्या मागं लागायची, लिवा की, पाणी बक्कळ हाय म्हणून लिवा."

"आणि विहीर आटली ते?"

"तुमाला कुणी सांगितलं?" आजी दचकल्याच. मग सावकाश म्हणाल्या, "भात्तर साली गावची विहीर खरंच आटली की. सासूबाईंनी आपल्या मनानं लिवाया लावलं, विहिरीत ठिपूस न्हाई. मी हितंच हुते, काय बोलणार? पंधरा दिसांत ह्ये दारात. उनातनं चालत आल्यालं, त्वांड वाळल्यालं. मी चांगली चुलीम्होरं भाकरी थापतीया. माझ्याकडं बघितलं, आन मटकन खालीच बसलं."

खणातली पत्रं कोणती, ते विचारायची गरज नव्हती. मी फक्त डागांचं विचारलं. वाचून झालं की मास्तर पत्र देऊन जायचे, आणि ज्यात विहीर असेल ते पत्र आजी देवापुढे ठेवून त्याच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावायच्या. ज्या हळदकुंकवाला मी महिनाभर कोंडून ठेवलं होतं!

परतताना एसटीत मला स्वतःचाच राग आला. नव्या मुलांना शिकवताना मी दर वेळी एक उदाहरण देते. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉर वाचत असे, आणि आज बहुतेक पत्रांचे त्या सेन्सॉरने केलेले इंग्रजी उतारेच उरले आहेत. त्यात शिपाई 'काळी मिरी' आणि 'लाल मिरची' यांचं लिहितात. काळी म्हणजे हिंदी सैनिक, लाल म्हणजे गोरे. मी पोरांना ऐटीत सांगते, बघा, मसाल्याचं पत्र म्हणून बाजूला टाकू नका. आणि माझ्या टेबलावर एक माणूस सत्तावीस वेळा बायकोची चौकशी करतोय, तर मी ते पाटबंधाऱ्यात घातलं.

डागाची नोंद बदलली, 'हळदकुंकू, पुसू नये'. सारांशातले ते दोन शब्द खोडून आठ मिनिटं शब्दन् शब्द उतरवून काढली. अभ्यासकाला पुन्हा फोन केला, तो प्रसंग सांगत नाही. राहिली विषयसूची. ती मी आजींना विचारून बदलणार होते, तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या विहिरीचंच. कागदावर विहीरच बरी." म्हणून सूचीत अजून सिंचनच आहे, आणि खरी चिठ्ठी बंद पाकिटात, आजींनी ठरवलेल्या अटीवर. नाव-गाव न घालता बाहेर सांगायला त्यांची ना नव्हती, म्हणून हे लिहिते आहे. ओळख पटेल अशा एकदोन खुणा मी बदलल्या आहेत.

कॅसेटचं मात्र आजींना ऐकायचं होतं. हवालदारांच्या संमतीपत्रात स्पष्ट लिहिलं आहे, मजकूर वापरावा, पण आवाज संस्थेत येऊनच ऐकावा, प्रत कुणाला देऊ नये. ते आता नाहीत, पण त्यांची सही आहे. मोबाइलवर घेऊन गेले असते तर कुणाला कळलं नसतं. तरी नाहीच नेलं, आणि आजींना ते पटलं. "त्याचा शब्द हाय न्हवं," म्हणाल्या, आणि पुढच्या मंगळवारी नातवाच्या गाडीवर मागे बसून स्वतः आल्या. नातवाला त्यांनी चहा प्यायला बाहेर पाठवलं.

हेडफोन अंबाड्यावर बसेना, म्हणून मी हातानेच कानाशी धरून ठेवला. ३८ वं मिनिट लावलं. आजी टेबलाकडे बघत ऐकत होत्या. रांगेचं आलं, पावसाचं आलं. विहिरीशी आल्यावर खांदे हलायला लागले. रजेच्या जागी खो खो हसल्या, डोळे पुसले, पुन्हा ऐकत राहिल्या. शेवटचं वाक्य मला हेडफोनबाहेरूनही पुसट ऐकू आलं, पाणी लागलं का न्हाई, त्ये काय मला शेवटपतुर कळलं न्हाई.

आजींनी हेडफोन बाजूला केला आणि यंत्राकडे बघून म्हणाल्या, "लागलं म्हणावं."