स्प्रिंग बसल्या अर्ध्या दिवसात, अलाइनमेंटने जीव खाल्ला

गाडी फोक्सवॅगनची डिझेल पोलो, चाकणचीच. गाडी 35 मिलिमीटर खाली आणणाऱ्या जर्मन स्प्रिंग मागवल्या आणि ओळखीच्या गॅरेजवाल्या दादांनी त्या दुपारच्या जेवणाआधी बसवूनही दिल्या. पुढचा शॉकअप खाली नकलच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, पकडीत गच्च अडकलेला असतो, बोल्ट काढला तरी हलत नाही. ती फट फाकवायचं एक छोटं हत्यार मिळतं: आत घालायचं, पाव वळसा द्यायचा, शॉकअप सुटतो. ज्याच्याकडे ते नसतं तो छिन्नी-हातोडा काढतो. अशा गॅरेजातून गाडी सरळ बाहेर काढा.

पण खरा वैताग पुढेच होता.

गाडी खाली बसली की पुढच्या चाकांचे माथे आत झुकतात, म्हणजे कॅम्बर उणे होतो. पोलोला तो जुळवायची सोय जवळपास नाहीच. सबफ्रेम, म्हणजे पुढचं सस्पेन्शन धरणारी चौकट, सरकवून डावी-उजवी बाजू सारखी करता येते, बस. तेवढ्या कॅम्बरने टायर फारसा झिजत नाही. टायर खातो तो बिघडलेला टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं, आणि तो स्टिअरिंग चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडवर आरामात जुळतो. मागे बीम अ‍ॅक्सल, दोन्ही चाकांना मिळून एकच आडवा बीम, तिथे फिरवायला काही नाही. म्हणजे काम एवढुसं.

पहिल्या अलाइनमेंट सेंटरने गाडीकडे बघूनच मान हलवली. "मॉडिफाय गाडी घेत नाही." दुसरं मोठं, काचेची केबिन, कॉफीचं मशीन. गाडी घेतली आणि मला केबिनमध्ये बसवलं. काचेतून सगळं दिसत होतं. पोराने टायरमधली हवा तपासली नाही. चाकांना क्लॅम्प लावल्यावर गाडी जरा मागे-पुढे ढकलून रनआउट, म्हणजे क्लॅम्प किंवा रिम वाकडी असल्याने मापात येणारी चूक, काढतात, ते नाही. स्टिअरिंगला लॉक लावायचा, तर तेही नाही. दुसरा पोरगा एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने मोबाइल बघत होता. थोड्या वेळाने हाक आली, "झालं साहेब, सगळं ग्रीन." म्हणजे स्क्रीनवर सगळी मापं मर्यादेत.

बाहेर काढली तर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग उजवीकडे वाकडं. परत गेलो. म्हटलं, आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट द्या.
"प्रिंटर बंद आहे."
"मग स्क्रीन दाखवा."
"डेटा सेव्ह होत नाही सर."
मॅनेजर आला, म्हणाला रिपोर्ट कस्टमरला द्यायची पॉलिसीच नाही. वर ऐकवलं, "खाली केलेल्या गाडीचं असंच होणार." बिल मात्र त्याच प्रिंटरमधून खर्रकन बाहेर आलं! मला अजून तो आवाज आठवतो आणि डोकं फिरतं.

शेवटी भोसरीकडच्या एका छोट्या टायरवाल्याकडे काम झालं. काकांनी आधी हवा तपासली. मग विचारलं, "स्प्रिंग टाकल्यावर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून आवळले का?" चाकं लोंबकळत असताना आवळले तर बुशमधलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आमच्या दादांनी ते नीट केलेलं होतं, हे सांगताना माझीच छाती फुगली. काकांनी स्टिअरिंग लॉक करून दोन्ही टाय रॉड फिरवले आणि न मागता कागद हातात दिला: टो आधी, टो नंतर. कॅम्बर लाल होता, त्यावर पेनाने लिहिलं 'लोअरिंगमुळे'. असा माणूस सापडला की सोडू नका.

हो, नव्या स्प्रिंग दबून स्थिरावायला काहीशे किलोमीटर घेतात, त्यामुळे अलाइनमेंट त्यानंतरच. आणि ऑर्डर देताना पुढच्या अ‍ॅक्सलचं वजन बघून पार्ट नंबर घ्या. डिझेलचं इंजिन जड, पेट्रोलची स्प्रिंग टाकली तर नाक जास्त खाली जातं. शॉकअप उघडलाच आहे तर वरचं बेअरिंगही नवं टाका, परत मजुरी कशाला भरायची?

1988च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलात फरक पाडणारे बदल करू देत नाही. ते वाचून, विमा आणि वॉरंटीचं काय ते विचारून मगच पैसे घालवा.

पंक्चरवाल्याचा ट्रॉली जॅक आता गाडीखाली जात नाही. डिकीत लाकडी फळीचा जाड तुकडा ठेवलाय. आधी चाक त्यावर चढवायचं, मग जॅक सरकवायचा.