सतरा वर्षांच्या मुलाला किती तारे?

डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी टेक्सासमधल्या हायस्कूलांच्या जिममध्ये टेबलं मांडली जातात. टेबलावर दोन-तीन कॉलेजांच्या टोप्या, मागे आईवडील आणि आजी, समोर सगळी शाळा. बारावीतला मुलगा खुर्चीवरून उठतो, एक टोपी उचलून डोक्यावर चढवतो आणि जिम दणाणून जाते. तो कुठल्या कॉलेजकडून फुटबॉल खेळणार ते त्या टोपीनं जाहीर होतं. फुटबॉल म्हणजे अर्थातच इथला, अंडाकृती चेंडूचा. दुसऱ्या दिवशी बातमी येते तेव्हा मुलाच्या नावाआधी त्याचे तारे लिहिलेले असतात: फाइव्ह-स्टार क्वार्टरबॅक (म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा), थ्री-स्टार लाइनमन.

डॅलसच्या उत्तरेला राहणाऱ्या बऱ्याच मराठी घरांचा फुटबॉलशी संबंध बँडमधून येतो, तसा आमचाही आला. लेक मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते, त्यामुळे हंगामात शुक्रवारची संध्याकाळ स्टेडियमवरच जाते. स्टेडियम म्हटल्यावर शाळेचं पटांगण डोळ्यांसमोर आणू नका. आमच्या जवळच्या अ‍ॅलन गावच्या हायस्कूलचं स्टेडियम २०१२ साली सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून बांधलं आणि तिथे अठरा हजार माणसं बसतात. आमची मुलं हाफटाइमला मैदानात उतरतात. बाकीचा वेळ आम्ही खेळ बघतो, आणि बघता बघता खेळणाऱ्या मुलांची नावं, त्यांचे आईवडील, त्यांची चिंता हे सगळं आपलंच होऊन जातं. त्या चिंतेत तारे फार वर असतात.

हे तारे कॉलेज देत नाही, शाळा देत नाही. रायव्हल्स, ट्वेंटीफोर-सेव्हन स्पोर्ट्स, ईएसपीएन अशा खासगी कंपन्या देतात. त्यांची माणसं व्हिडिओ बघतात, कॅम्पना जातात, सामने बघतात आणि मुलाला गुण देतात. ट्वेंटीफोर-सेव्हनच्या पद्धतीत ९८ ते १०० गुणांना पाच तारे, ९० ते ९७ ला चार, ८० ते ८९ ला तीन, त्याखाली दोन. पाच ताऱ्यांची मुलं वर्षाला साधारण बत्तीसच ठेवायची असं त्यांचं धोरण आहे, कारण एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे तिचे संघ कॉलेजातले खेळाडू निवडतात तेव्हा, पहिल्या फेरीत बत्तीस निवडी होतात. थोडक्यात, पाच तारे देणारा माणूस म्हणतोय की हा मुलगा तीन-चार वर्षांनी देशातल्या पहिल्या बत्तिसांत असेल. आणि हे तो सोळा-सतरा वर्षांच्या पोराबद्दल म्हणतोय.

माझं मत आधीच सांगून टाकते. हजारो मुलांचा एकत्र अंदाज म्हणून तारे बऱ्यापैकी खरे ठरतात. एका मुलाचा निकाल म्हणून ते अन्यायकारक आहेत, आणि आज त्यांचा वापर निकाल म्हणूनच होतो.

पहिल्या भागावर स्टेडियममधले निम्मे पालक माझ्याशी भांडतील. त्यांच्याकडे उदाहरणं तयार असतात आणि ती सगळी खरी आहेत. जे. जे. वॉट हा विस्कॉन्सिनचा मुलगा, दोन ताऱ्यांचा. सेंट्रल मिशिगनची स्कॉलरशिप सोडून तो स्कॉलरशिपशिवाय, वॉक-ऑन म्हणून, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संघात गेला. मधल्या काळात पिझ्झा पोचवत होता. पुढे ह्यूस्टनच्या संघाकडून खेळताना २०१२, २०१४ आणि २०१५ असा तीनदा तो लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला. जॉश अ‍ॅलन कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या शेतीच्या गावचा. हायस्कूल संपलं तेव्हा एकाही मोठ्या कॉलेजची ऑफर नव्हती. आधी ज्युनिअर कॉलेजात खेळला, तिथून देशभरच्या कोचना ईमेल पाठवल्या आणि शेवटी वायोमिंगनं जागा दिली. २०२४ च्या हंगामाचा एनएफएलमधला सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच. आणि आमच्या टेक्सासचा पॅट्रिक महोम्स, टायलरजवळच्या व्हाइटहाउस गावचा, तीन सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने, जिंकलेला. त्याला तीन तारे होते.

पण या उदाहरणांत एक गोष्ट सुटते. पाच ताऱ्यांची मुलं वर्षाला बत्तीस, तर तीन ताऱ्यांची हजाराच्या वर. पाच तारेवाल्यांपैकी साधारण निम्मे पुढे ड्राफ्टमध्ये निवडले जातात. तीन तारेवाल्यांत हे प्रमाण दहात एकही पडत नाही. आता समजा, हजारातले साठ जरी निवडले गेले, तरी ते बत्तिसांतल्या सोळांपेक्षा कितीतरी जास्त दिसणार. म्हणून टीव्हीवर ड्राफ्ट बघताना वाटतं, अरे, हे सगळे तर तीन तारेवाले, मग त्या ताऱ्यांना अर्थ काय? अर्थ आहे. पाच ताऱ्यांच्या मुलाची शक्यता कैक पटींनी जास्त असते. मायल्स गॅरेट आमच्या इथल्याच आर्लिंग्टनचा, पाच ताऱ्यांचा, आणि २०१७ च्या ड्राफ्टमध्ये देशात पहिला. अ‍ॅलन गावच्या त्याच हायस्कूलचा कायलर मरी हायस्कूलमध्ये सुरुवातीपासून खेळलेल्या ४२ सामन्यांपैकी एकही हरला नाही. पाच तारे, मग कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी, मग २०१९ च्या ड्राफ्टमध्ये पहिला. संघांचंही तसंच. २०११ ते २०२४ या हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या प्रत्येक कॉलेजनं आधीच्या चार वर्षांत घेतलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक चार किंवा पाच ताऱ्यांची होती. तारे देणाऱ्यांना खेळ कळत नाही असं कुणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही.

मग माझी तक्रार काय? ती कळायला एखाद्या कॅम्पला जाऊन बसावं लागतं.

शेजारचा मुलगा ऑफेन्सिव्ह लाइनमन आहे, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे भिंत होऊन उभा राहणारा. मार्चमधल्या एका रविवारी त्याच्या आईबरोबर मी कॅम्पला गेले. पार्किंगमध्येच घडीच्या खुर्च्या, बर्फाचे डबे, केळी. आत गेल्यावर मुलांच्या अंगावर नंबर चिकटवले. अनवाणी उंची मोजली, वजन केलं, हाताची लांबी घेतली, मग पंजा पसरायला लावून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वीत मोजली. पाव इंचसुद्धा सोडत नव्हते. त्यानंतर चाळीस यार्ड धावणं. मुलगा सुरुवातीच्या रेषेवर खाली वाकला तेव्हा त्याची आई एवढंच म्हणाली, “याला सामन्यात कधी चाळीस यार्ड धावावंच लागत नाही.” खरं होतं ते. त्याचं काम पाच यार्डांच्या आत होतं, आणि शेजारच्या चार जणांशी जुळवून होतं.

शेवटी समोरासमोरच्या झुंजी झाल्या. एक जण अडवणार, दुसरा त्याला चुकवून जाणार. सामन्यात लाइनमनच्या दोन्ही बाजूंना त्याची माणसं असतात. इथे सगळं मैदान मोकळं, त्यामुळे चुकवणाऱ्याचं पारडं मुळातच जड. आमच्या मुलाला मोजून दोन झुंजी मिळाल्या. पहिलीत त्यानं समोरच्याला जागीच थोपवलं, दुसरीत पाय घसरला. वही घेतलेला गृहस्थ त्याच वेळी शेजारच्या दोन जोड्यांकडेही बघत होता. तो वाईट माणूस नव्हता, मन लावून काम करत होता. पण देशात हायस्कूल फुटबॉल खेळणारी मुलं दहा लाखांच्या घरात, आणि बघणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जो समोर येतो तोच दिसतो.

समोर यायला पैसे लागतात. कॅम्पची फी, विमान किंवा दहा तासांची ड्राइव्ह, हॉटेल, खासगी कोच, व्हिडिओ नीट कापून देणारा माणूस. वसंतात सेव्हन-ऑन-सेव्हनच्या, म्हणजे सात-सात जणांच्या, स्पर्धा असतात, त्यांत क्वार्टरबॅक आणि झेल घेणारे चमकतात. लाइनमन त्या खेळात नसतोच. पश्चिम टेक्सासच्या लहान गावांत, जिथे मुलं कमी म्हणून सहा-सहा जणांचे संघ खेळतात, तिथला मुलगा तर कुणाच्या वाटेवरच नाही. २०२० चा मार्च ते २०२१ चा मे या कोविडच्या काळात कॉलेजच्या कोचना मुलांना प्रत्यक्ष भेटायलाच बंदी होती, कॅम्पही बहुतेक बंद होते. त्या वर्षीच्या मुलांना तारे मिळाले ते मुख्यतः जुन्या व्हिडिओंवर. महोम्स उन्हाळ्यात बेसबॉल खेळायचा. त्याचा चेंडू तेव्हाही तसाच सुटत असणार, फक्त तो दाखवायला तो फारसा कुठे गेला नाही.

आणि वय. क्वार्टरबॅकचा हात सतराव्या वर्षी बराचसा तयार असतो, कळतो. लाइनमनचं तसं नाही. तो कॉलेजात जाऊन बरंच वजन वाढवतो, तेव्हा कुठे त्याचा खरा खेळ सुरू होतो. म्हणून त्याला बघणारे खेळाबरोबर हाडापेराकडे बघतात, बापाची उंची विचारतात. अंदाजावर अंदाज. तरी त्याच्या नावापुढचे तारे क्वार्टरबॅकच्या ताऱ्यांइतकेच ठाशीव दिसतात. छापताना दोन्ही सारखेच.

याहून मला खटकतं ते असं की तारे नुसते मोजत नाहीत, पुढचं घडवतातही. एखाद्या बलाढ्य कॉलेजनं ऑफर दिली की मुलाचे गुण वर सरकतात. इथे याची सर्रास चर्चा असते. त्यात थोडं शहाणपणही आहे, कारण त्या कॉलेजच्या कोचनं काहीतरी पाहिलं असणार. पण मग तारे बघून दुसरं कॉलेज ऑफर देतं, त्या ऑफरनं तारे आणखी पक्के होतात, आणि मुलगा मात्र कालच्याइतकाच खेळतोय. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करायला परवानगी मिळाली, तेव्हापासून या चक्रात पैसाही फिरतो. पाच ताऱ्यांचा मुलगा कॉलेजात पोचतो तो करार घेऊनच. त्याला संधी लवकर मिळते आणि चुकला तरी पुन्हा मिळते. दोन ताऱ्यांच्या मुलाची पहिली चूक बऱ्याचदा शेवटची ठरते. तीन वर्षांनी पहिला पुढे गेला की लोक म्हणतात, बघा, तारे बरोबर होते.

जास्त तारे मिळालेल्यांवरही अन्याय होतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. साउथलेकचा क्विन यूअर्स आमच्या भागातलाच. सगळ्या कंपन्यांचे गुण एकत्र करून काढतात त्या आकड्यात त्याला १.०००० असे पूर्ण गुण होते. टेक्सासमध्ये हायस्कूलच्या खेळाडूला नावावर कमाई करता येत नव्हती म्हणून तो बारावीचा हंगाम सोडून एक वर्ष आधीच ओहायो स्टेटला गेला, मग टेक्सास विद्यापीठात परतला. तिथे त्यानं संघाला लागोपाठ दोन हंगाम राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत नेलं. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये तो सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत निवडला गेला आणि चहूकडे त्याला ‘फसलेला’ म्हटलं गेलं. तीन ताऱ्यांच्या मुलानं हेच केलं असतं तर त्याचं कौतुक झालं असतं. अठराव्या वर्षी दुसऱ्या कुणीतरी लिहिलेल्या आकड्याची फेड या मुलानं बाविसाव्या वर्षी का करायची? मला याचा मनापासून राग येतो.

शेजारच्या मुलाला दोन तारे आहेत. मार्चच्या त्या कॅम्पनंतर त्याच्या आईनं मला विचारलं होतं, अजून दोन-तीन कॅम्पचे पैसे भरावेत का. मी या खेळात नवखी बाई, पण तोवर शाळेच्या कोचशी बोलून एवढं कळलं होतं की स्कॉलरशिपवर सही करतो तो कॉलेजचा कोच. त्यामुळे तारे देणाऱ्यांच्या कॅम्पपेक्षा कॉलेजांच्या स्वतःच्या जूनमधल्या कॅम्पना जाणं बरं, तिथे कोच स्वतः उभा असतो. फीदेखील बऱ्याचदा कमी असते. ते दोन ठिकाणी गेले. दुसऱ्या ठिकाणी लाइनच्या कोचनं त्याला दुपारभर ठेवून घेतलं, पाय कुठे टाकायचा ते शिकवलं, पुन्हा करून घेतलं, पुन्हा शिकवलं. सांगितलेलं किती लवकर उचलतो हेच त्याला बघायचं होतं, असं तो नंतर वडिलांना म्हणाला. डिव्हिजन टूचं, म्हणजे दुसऱ्या पातळीवर खेळणारं, कॉलेज आहे, तिथे स्कॉलरशिप तुकड्यांनी वाटतात, त्यामुळे शिक्षणाचा काही भागच सुटेल. मुलाला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचं आहे आणि ते तिथे आहे.

तारे देणाऱ्यांच्या वेबसाइटवर त्याच्या पानावर आजही दोन तारेच आहेत. जूनचा तो दिवस त्यात नाही, शेवटच्या हंगामातला खेळही नाही. मला वाटतं, या कंपन्यांनी एक साधी गोष्ट करावी: या मुलाला शेवटचं कधी, कुठे आणि किती वेळ पाहिलं, ते ताऱ्यांशेजारी छापावं. दोन झुंजी पाहून दिलेले तारे आणि दोन हंगाम पाहून दिलेले तारे वाचणाऱ्याला वेगळे ओळखता आले, तर कुठल्या ताऱ्यांना किती मान द्यायचा ते कॉलेजलाही ठरवता येईल आणि घरच्यांनाही.