सत्तरीच्या रानात बटणांचा जीपीएस

पावसाळ्यात जिओकॅश, म्हणजे जीपीएसच्या आकड्यांवरून शोधायची कोणीतरी लपवलेली डबी, शोधायला मी मोबाइल नेत नाही. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात चोर्ल्याच्या बाजूला रेंज जाते आणि ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. माझ्याकडे गार्मिनचा ईट्रेक्स २२एक्स हा जीपीएस आहे. त्याला बटणं आहेत आणि दोन एए सेल लागतात, ते वाळपईच्या कुठल्याही दुकानात मिळतात. रानात फिरणाऱ्याला हे फार मोलाचं.

त्याच्यात होकायंत्र मात्र नाही. थांबलात की बाण भरकटतो, चालत राहावं लागतं. जमत असेल तर थोडे जास्त पैसे घालून ३२एक्सच घ्या, त्यात ते आहे.

निघण्याआधी सेटिंगमध्ये अक्षांश-रेखांशासाठी अंश आणि दशांश मिनिटं निवडा, जिओकॅशचे आकडे तसेच असतात. मिनिटाचा तिसरा दशांश म्हणजे अक्षांशावर जेमतेम १.८५ मीटर, पण दाट झाडीखाली एवढी अचूकता मिळत नाही. म्हणून दहा-बारा पावलांवर आलं की यंत्र खिशात ठेवायचं आणि चिऱ्यांच्या गडग्यातल्या फटी बघायच्या. हात घालण्याआधी काठी घाला, फुरसं अशाच जागी बसतं.

आणि परदेशातून कोणी आणून देणार असेल तर सॅटेलाइट मेसेजिंगवालं मॉडेल अजिबात मागवू नका. परवान्याशिवाय ते आपल्याकडे बेकायदेशीर आहे.